चार्जिंगचे पोर्ट डाव्या पुढच्या फेंडरवर असू द्या : वाहन मानक समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स कमिटी,
द्वारा ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे

विषय : भारतात विकल्या जाणाऱ्या विजेवरच्या चारचाकींमध्ये चार्जिंग पोर्टची जागा एकच ठरवून देण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

स.न.वि.वि.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज चालवतो. धंदा वडिलांच्या हातून माझ्याकडे आला. त्यांच्या काळात विजेवरची गाडी कुणी पाहिलीही नव्हती, आता ती ठोकायला आणि रंगवायला माझ्याकडे येते. घरची गाडीही विजेवरचीच आहे. पुण्याला, बेळगावला, गगनबावड्याच्या घाटाने खाली कोकणात तीच जाते. त्यामुळे ज्या वीतभर झाकणाआड चार्जिंगची गन बसते, त्या झाकणाशी माझा संबंध दोन्हीकडून येतो. पत्र्याचा कारागीर म्हणूनही, आणि रात्री पावसात गन हातात धरून उभा राहणारा गाडीमालक म्हणूनही.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. पोर्ट गाडीच्या कोणत्या अंगाला असावे हे आज प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. ते आपण ठरवावे. आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ती जागा म्हणजे डाव्या बाजूचे पुढचे फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), त्यातही चाकाची कमान संपते तिथून दारापर्यंतचा पत्रा.

गन कशी असावी हा प्रश्न आपल्या देशाने बऱ्यापैकी सोडवला आहे. सुरुवातीला सरकारी चार्जरवर भारत एसी-००१ (घरच्यासारखी वीज) आणि भारत डीसी-००१ (थेट बॅटरीत जाणारी वीज) असे प्रकार होते. डीसी-००१ ची ताकद जेमतेम १५ किलोवॅट. पुढे गाड्या सीसीएस-२ या जोडणीकडे वळल्या आणि आज शोरूममधून बाहेर पडणाऱ्या बहुतेक चारचाकींत तेच असते. वर टाइप-२ चे, म्हणजे एसी जोडणीचे, सात संपर्क आणि खाली डीसीचे दोन जाड. आपल्या समितीचे एआयएस-१३८ हे मानक आणि भारतीय मानक ब्यूरोची आयएस १७०१७ ही मालिका वाचली, तर गन आणि गाडी यांनी एकमेकांशी काय बोलायचे, वीज केव्हा सोडायची, केव्हा तोडायची, सगळे बारकाईने लिहिलेले आढळते. पण ती गन गाडीच्या कोणत्या बाजूला जाऊन लागणार, हे गाडी घेणाऱ्याच्या नशिबावर सोडलेले आहे.

बाजारात डोकावून बघा. पंच ईव्ही, कॉमेट, झेडएस ईव्ही, क्रेटा इलेक्ट्रिक यांचे पोर्ट नाकावर, म्हणजे समोरच्या ग्रिलच्या भागात. नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही यांचे पेट्रोलच्या झाकणाच्या जागी, मागच्या चाकावर. एक्सयूव्ही ४०० चे डाव्या पुढच्या फेंडरवर. अटो ३ चे पुढच्याच फेंडरवर, पण उजव्या. आयोनिक ५ चे मागे उजवीकडे, टेस्लाचे मागे डावीकडे. पोर्शे टायकानने तर पुढच्या दोन्ही फेंडरवर एकेक झाकण दिले आहे, ते तसल्या किमतीच्या गाडीलाच परवडते. गाडीच्या चार अंगांपैकी एकही अंग सुटलेले नाही.

हे का झाले तेही पत्र्याचे काम करणाऱ्याला कळते. पेट्रोलच्या गाडीवरून विजेची गाडी बेतली की मागच्या क्वार्टर पॅनलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) भोक आधीच असते, झाकण असते, बिजागरी असते. त्याच जागी पोर्ट बसवले की नवा साचा लागत नाही, आणि पॅनलच्या साच्याला लागणारा पैसा थोडाथोडका नसतो. ज्यांनी विजेसाठी वेगळा सांगाडा केला, त्यांनी चार्जिंगचे इलेक्ट्रॉनिक्स जिथे बसले त्याच्या जवळचा पत्रा निवडला, कारण तिथून बॅटरीपर्यंत जाणारी नारिंगी जाड केबल जितकी आखूड तितका तांब्याचा खर्च कमी, वजन कमी. दोन्ही कारणे खरी आहेत. पण दोन्ही कारखान्याच्या आतली आहेत. गाडी गेटातून बाहेर पडल्यावर ती कुठे उभी राहणार, कशी वळणार, तिच्या शेजारी कोण उभे असणार, याचा विचार त्यांत कुठे नाही.

तो विचार न झाल्यामुळे काय होते ते रविवारी संध्याकाळी आमच्या महामार्गावर बघायला मिळते. अंबाबाईचे दर्शन घेऊन पुण्या-मुंबईची मंडळी परतत असतात. हॉटेलच्या आवारात एक चार्जर, त्याला दोन गन, समोर दोन गाड्यांपुरती जागा. पहिली गाडी नाकावर पोर्ट असलेली. ती सरळ आत शिरते आणि गन लावून घरचे लोक चहाला जातात. दुसरीचे पोर्ट मागे, म्हणून तिला रिव्हर्स घ्यावे लागते. मागून येणारी टेम्पो ट्रॅव्हलर हॉर्न मारत असते, मुले मध्ये पळत असतात, पण जमते. तिसरीचे पोर्ट मागे उजवीकडे. पहिली गाडी निघून गेली तरी तिला त्या जागेत नीट उभे राहून भागत नाही, कारण गन डावीकडच्या हुकाला आहे आणि केबल गाडीला वळसा घालून पोचत नाही. मग गाडी आडवी लागते. ती आडवी लागली की दुसऱ्या गनसमोरची जागा अडते. चार्जर दोन गाड्यांचा, आणि तासभर चार्ज होते एकच. रांगेत थांबलेल्यांत वादावादी होते आणि हॉटेलचा पोरगा मध्ये पडतो. यात गाडीवाल्याचा दोष नाही, चार्जर बसवणाऱ्याचाही नाही. त्याने बिचाऱ्याने कोणत्या पोर्टच्या हिशेबाने चार्जर उभा करायचा होता?

यावर कुणी सहज म्हणेल की पेट्रोलचे झाकण तरी कुठे सगळ्या गाड्यांना एका बाजूला असते? नसतेच. पण पंपावर पाइप हलका असतो, डिकीवरून पलीकडे ओढून घेता येतो, पंपाच्या दोन्ही बाजूंनी लाइन लागते आणि पाच मिनिटांत गाडी निघून जाते. चुकीच्या बाजूने लागलेली गाडी पाच मिनिटे सोसता येते. चार्जरला लागलेली गाडी पाऊण तास, तासभर तिथेच असते. आणि डीसीची केबल ही पाइपसारखी ओढायची वस्तू नाही. ६० किलोवॅटचा चार्जर ४०० व्होल्टला वीज देतो तेव्हा त्या केबलमधून १५० अँपिअर जातात. आपल्या घरातल्या गिझरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटपेक्षा दहापट. तेवढे तांबे आत असल्यावर केबल मनगटाएवढी जाड आणि वाकायला हट्टी असणारच. वयस्कर माणसाला, एकट्या बाईला ती नुसती उचलून पोर्टात सरळ बसवणे जड जाते. केबलची लांबी वाढवा हा उपाय मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. पण लांबी वाढली की वजन वाढते, किंमत वाढते, आणि जास्तीची केबल जमिनीवर लोळते. तिच्यावरून चाके जातात, पावसाळ्यात ती चिखलात पडते.

परदेशातही हे घडून गेले आहे. टेस्लाने आपल्या चार्जरची केबल मुद्दाम आखूड ठेवली, कारण तिच्या सगळ्या गाड्यांचे पोर्ट मागे डावीकडे, एकाच ठिकाणी. जागा पक्की असल्यामुळे आखूड केबलने भागले आणि रांगेत उभ्या गाड्या सुरळीत लागू लागल्या. मग २०२१ मध्ये नेदरलँड्सपासून हे चार्जर इतर कंपन्यांच्या गाड्यांना उघडायला सुरुवात झाली, आणि ज्यांचे पोर्ट दुसरीकडे होते त्यांना दोन जागा अडवून उभे राहावे लागले. पुढच्या पिढीच्या चार्जरला टेस्लाला केबल लांब करावी लागली. जागा ठरलेली असली की काय साधते आणि नसली की काय बिघडते, हे एकाच कंपनीच्या चार्जरवर जगाने पाहिले.

आता डावी बाजू का, ते सांगतो.

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. रस्त्याकडेला गाडी लावली की तिची डावी बाजू फूटपाथकडे आणि उजवी वाहत्या रहदारीकडे येते. चार्जिंगचा खांब उद्या रस्त्यावर आला तर तो फूटपाथलाच येणार. राजारामपुरीच्या गल्ल्या बघा, शाहूपुरी बघा. ज्यांना पोर्च आहे ते सुखी, बाकीच्यांच्या गाड्या घरासमोर रस्त्यावरच असतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत तर पोर्चचा प्रश्नच येत नाही. तिथे पोर्ट उजवीकडे असेल तर केबल गाडीला वळसा घालून रहदारीच्या अंगाला येते आणि गनचा दांडा वीतभर रस्त्यात. आमच्याकडे दोन मोटारींच्या मधल्या फटीतूनही मोटरसायकल निघते, हे तुम्ही कोल्हापूरला आला असाल तर पाहिलेच असेल. दुधाचे कॅन लावलेली गाडी त्या दांड्याला घासून गेली तर गन तुटेल, पोर्ट उखडेल, आणि कॅनवाला पडेल ते वेगळेच. गन लावायला-काढायला उभा असलेला माणूसही रहदारीकडे पाठ करून उभा राहणार. डावीकडे पोर्ट असेल तर तो फूटपाथवर उभा असतो.

सम-विषम तारखांचे पार्किंग असलेल्या एकेरी रस्त्यावर मात्र हे गणित उलटते, हे मला मान्य आहे. तिथे एक दिवस गाडीची उजवी बाजू फूटपाथकडे येते. म्हणून नुसते ‘डावी बाजू’ म्हणून थांबता येत नाही. पोर्ट असे हवे की गरज पडली तर बॉनेटसमोरून केबल फिरवून पोचेल.

इथे मी टेप घेऊन मोजमाप केले. आपल्याकडे करामुळे बहुतेक छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बसवतात, रुंदी पावणेदोन-एक मीटर. अशा गाडीच्या पुढच्या बंपरच्या टोकापासून डाव्या फेंडरवरच्या, चाकामागच्या पत्र्यापर्यंत साधारण सव्वा मीटर भरते. तिथून मागच्या बंपरच्या टोकापर्यंत पावणेतीन मीटर. गाडी सरळ आत घातली आणि चार्जर समोर डावीकडे असला तर सव्वा मीटर केबल पुरली. चार्जर समोर उजवीकडे असला तर बॉनेटसमोरून तीन मीटर. गाडी रिव्हर्स लावली आणि चार्जर मागे डावीकडे आला तरी पावणेतीन मीटर. म्हणजे उंचीची आणि झोळाची जादा केबल धरूनसुद्धा पाच मीटरच्या केबलला चारांपैकी तीन परिस्थिती आरामात जमतात आणि चौथी, मागे उजवीकडची, ताणून जमते. हाच हिशेब नाकावरच्या पोर्टला लावा. सरळ घातली तर ते सगळ्यांत सोयीचे, दोन्हीकडून सारखेच, पण रिव्हर्स लावली की गाडीची पूर्ण लांबी ओलांडावी लागते. मागच्या पोर्टला लावा. सरळ घातली की केबल दोन गाड्यांच्या मधून सव्वातीन-साडेतीन मीटर मागे न्यावी लागते. आपल्याकडे पार्किंगची एक जागा अडीच मीटर रुंदीची धरतात, त्यात गाडी पावणेदोन मीटरची. उरलेल्या फटीत केबल पडलेली, आणि शेजारची गाडीवाली बाई दार उघडून पाय ठेवते तो नेमका त्या केबलवर.

फेंडरची ही जागा गाडीच्या मध्याकडे सरकलेली आहे आणि तरी पुढच्या कोपऱ्याला धरून आहे. सरळ लावणाऱ्यालाही चालते, रिव्हर्स लावणाऱ्यालाही. तिचे खरे बळ मला यातच दिसते.

मागच्या पोर्टचे समर्थक सांगतात की गाडी रिव्हर्स आत लावावी आणि सरळ बाहेर काढावी, तेच सुरक्षित. निघताना समोरचा रस्ता दिसतो, मागून येणारी मुले-माणसे चिरडण्याचा धोका टळतो. मुद्दा वजनदार आहे आणि मी स्वतः घराच्या गेटात गाडी रिव्हर्सच लावतो. पण ती सवय लागावी म्हणून पोर्टची जागा वापरू नये. बिंदू चौकात किंवा महाद्वार रोडच्या आसपास मागे दहा गाड्या आणि वीस मोटरसायकली लागलेल्या असताना रिव्हर्स घ्यायला कुणी थांबू देत नाही. नवशिक्याने तिथे सरळ आत घातली तर त्याला चार्जिंगच मिळू नये, ही कसली शिक्षा? फेंडरवरच्या पोर्टने दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

नाकावरच्या पोर्टबद्दल मात्र माझे मत गॅरेजमध्ये तयार झालेले आहे, आणि ते ठाम आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यांत जास्त काम पुढच्या आणि मागच्या बंपरचे. सिग्नलला पुढच्या गाडीवर आदळलेली, उसाच्या ट्रॉलीला मागून लागलेली, गेटच्या खांबाला टेकवलेली. गळीत हंगामात तर ट्रॉलीच्या मागच्या लोखंडाने फुटलेली ग्रिल नेहमीचीच. पेट्रोलच्या गाडीचे बंपर फुटले आणि रेडिएटर वाचला, तर गाडी घरी जाते, कामाला जाते आणि सवडीने माझ्याकडे येते. विजेच्या गाडीचे नाक फुटले आणि त्यात पोर्ट गेले, तर गाडी धडधाकट असूनही बॅटरी संपेपर्यंतच तिचे आयुष्य. चार्ज करायची वाटच बंद. पोर्टचा भाग कंपनीकडून यायला वेळ लागतो, हाय व्होल्टेजचे काम असल्यामुळे मी त्याला हात लावू शकत नाही, लावूही नये. माणूस अडकून पडतो. जो भाग आदळण्यासाठी आणि मोडून धक्का झेलण्यासाठी बनवला आहे, त्यातच गाडीचे तोंड बसवणे मला पटत नाही.

फेंडरही घासते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगतो. आमच्याकडे डावीकडून घुसणाऱ्या दुचाकींचे ओरखडे फेंडरवर भरपूर असतात. पण ते बहुतेक चाकाच्या पुढच्या टोकाला आणि कमानीच्या फुगवट्यावर. कमानीच्या मागचा पत्रा त्या फुगवट्याच्या आडोशाला असतो. दाराच्या बिजागरीच्या खांबाजवळ असल्यामुळे त्याला आतून आधारही असतो. मात्र दोन काळज्या घ्याव्या लागतील. पोर्ट दाराच्या अगदी कडेला नको, नाहीतर गन लावलेली असताना पुढचे दार उघडले की दाराची कड दांड्याला लागणार. आणि आतल्या बाजूने चाकाने उडवलेला चिखल पोर्टच्या पाठीवर बसतो. तिथले लाइनर (चाकावरचे आतले प्लास्टिकचे आवरण) पक्के बंद हवे, आणि पोर्टमधले पाणी निचरा होण्याची नळी चिखलाने बुजणार नाही अशा जागी निघाली पाहिजे. गॅरेजमध्ये लाइनर काढल्यावर आत मातीचा थर बघायला मिळतो, म्हणून सांगतो.

पावसाबद्दल थोडे जास्त लिहितो. पुण्यात आणि दिल्लीत बसून आमचा पाऊस नीट कळत नाही. जून ते सप्टेंबर गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पाऊस उभा-आडवा असतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा देते आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. अशा वेळी शहरातली प्रत्येक गाडी उंचावर नेऊन लावलेली असते आणि जिथे वीज आहे तिथे चार्ज करून ठेवलेली असते. पावसात गन लावणे धोक्याचे नाही, हे मला माहीत आहे. गन पूर्ण बसून कुलूप लागल्याशिवाय आणि गाडी-चार्जरची बोलणी पुरी झाल्याशिवाय पिनांमध्ये वीज येतच नाही. पण माहीत असणे आणि ओल्या हाताने निर्धास्त गन धरणे यात फरक आहे. लोक पोर्टवर प्लास्टिकची पिशवी बांधतात. म्हणून जागेसोबत झाकणाचेही दोन नियम करावेत. झाकणाची बिजागरी वर असावी, म्हणजे उघडलेले झाकण पोर्टवर पागोळीसारखे आडवे राहील. आणि पोर्टची उंची साधारण कमरेएवढी असावी. खाली बंपरात बसवलेले पोर्ट पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला सगळा राडा तोंडावर घेते, शिवाय वाकून गन लावताना वयस्कर माणसाची कंबर धरते ती वेगळी. अंधारात पिना दिसाव्यात म्हणून आत छोटा दिवाही हवा, तो काही गाड्यांत असतो आणि काहींत नसतो.

जागा ठरवून देणे हा कंपन्यांच्या स्वातंत्र्यावर घाला होईल, असे आपल्या बैठकीत कुणीतरी म्हणेलच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२० ने स्टिअरिंग उजवीकडे असावे हे ठरवून दिले आहे. नंबर प्लेट कुठे आणि केवढी, दिवे कुठे, हेही नियमांत आहे. त्यामुळे गाड्या एकसारख्या दिसू लागल्या नाहीत. रस्त्यावरच्या दुसऱ्याला ज्याची गरज असते ते ठरवून द्यावे लागते, आणि पोर्टच्या जागेची गरज गाडीमालकापेक्षा त्याच्या शेजारी रांगेत थांबलेल्याला जास्त असते.

अवजड ट्रकांच्या जगात हे मान्य झालेलेही आहे. मेगावॅट चार्जिंगची पद्धत आखताना चारिन या संघटनेने पोर्ट वाहनाच्या डाव्या बाजूला, साधारण कमरेच्या उंचीवर असावे अशी शिफारस केली. वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक एकाच चार्जरला लागायचे तर जागा आधी ठरली पाहिजे, हे त्यांना पहिला चार्जर उभारण्याआधीच उमगले. आपल्या चारचाकींसाठी तेवढा उशीर अजून झालेला नाही. देशात रस्त्यावर असलेल्या गाड्यांत विजेच्या गाड्यांचा वाटा अजून लहान आहे. आज नियम केला तर जुन्या गाड्यांचा प्रश्न थोडक्यात आटोपेल. दहा वर्षांनी केला तर प्रत्येक चार्जरच्या जागेवर दोन पिढ्यांच्या गाड्यांचा गोंधळ कायमचा राहील.

निर्यातीची अडचण खरी आहे, तिच्याकडे मी डोळेझाक करत नाही. आपल्याकडे बनलेली गाडी डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशात गेली की तिथे फूटपाथ उजवीकडे येतो. पण स्टिअरिंग, पेडल, डॅशबोर्ड हे सगळे त्या गाड्यांसाठी कंपन्या उलटवतातच. आणि नाही उलटवले तरी वर मोजलेल्या अंतरांमुळे पुढच्या फेंडरवरचे पोर्ट दुसऱ्या बाजूनेही पोचते. मागच्या पोर्टची तीच अडचण जास्त मोठी झाली असती.

खर्चासाठी मुदत द्या. विक्रीत असलेल्या मॉडेलना हात लावू नका. नव्याने मान्यतेला येणाऱ्या मॉडेलपासून नियम लागू करा. पेट्रोलच्या गाडीवरून बेतलेल्यांना पुढच्या मोठ्या बदलापर्यंत सवड द्या. तोपर्यंत एवढे तरी आजच करता येईल. प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात पोर्टची बाजू आणि पुढच्या व मागच्या टोकापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये छापणे बंधनकारक करा. बॅटरी किती, रेंज किती हे मोठ्या अक्षरात छापतात. पोर्ट कुठे आहे हे गाडी घरी आणून गेटात लावल्यावर कळते, आणि मग पोर्चच्या दुसऱ्या खांबावर सॉकेट हलवायला वायरमन बोलवावा लागतो. कित्येक जण वायरमनही बोलवत नाहीत, एक्स्टेन्शन बोर्ड लावून भागवतात. रात्रभर १५ अँपिअर ओढणाऱ्या गाडीला बाजारातला साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावणे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको. तसा वितळलेला प्लग मी पाहिला आहे.

चार्जरच्या बाजूनेही एक आकडा लागेल. सार्वजनिक डीसी चार्जरची हुकापासून गनपर्यंतची वापरता येणारी केबल किमान पाच मीटर असावी आणि ती वरून टांगलेली असावी, म्हणजे जमिनीवर लोळणार नाही. ते काम मानक ब्यूरोचे असेल तर आपण आणि त्यांनी एका टेबलावर बसून दोन्ही आकडे एकदम ठरवावेत. पोर्ट एकाने ठरवले आणि केबल दुसऱ्याने, तर दोन्ही नियम कागदावर बरोबर असूनही हॉटेलच्या आवारात गाडी आडवीच लागेल.

दुचाकी आणि तीनचाकींचा विषय मी या पत्रात आणत नाही. त्यांचे चार्जिंग बहुतेक घरात, बोळात, काढता येणाऱ्या बॅटरीने होते, त्यांच्या अडचणी निराळ्या आहेत. बसगाड्या डेपोत ठरलेल्या चार्जरला लागतात, तिथे डेपोवाले आपले बघून घेतात.

शेवटी आमच्या गावाच्या पोटापाण्याचा एक संबंध नोंदवून ठेवतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्रींनी पिढ्यानपिढ्या या देशाच्या गाड्यांना इंजिन ब्लॉक आणि सिलेंडर हेडची कास्टिंग दिली. विजेच्या गाडीला इंजिन नाही. इथला कामगार आणि मालक दोघेही आज नवे काम शोधत आहेत. पोर्टची जागा एक ठरली तर फेंडरचा आतला कंस, झाकणाची बिजागरी, पोर्ट धरून ठेवणारी बैठक, चार्जरचा खांब आणि केबल टांगायचा हात हे सगळे ठरावीक मापाचे होईल आणि एकाच मापाचे काम छोट्या कारखान्याला परवडते. प्रत्येक मॉडेलचे माप वेगळे असले की ते काम मोठ्या पुरवठादारांकडेच जाते. समितीला प्रत्यक्ष माप घ्यायचे असेल, तर माझ्या गॅरेजमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची उघडी फेंडर आणि बंपर कायम असतात. पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारी टेप लावून बघता येईल, आणि संध्याकाळी जाताना महामार्गावरचा तो चार्जरही दाखवीन. रविवारी आलात तर उत्तम.

मसुदा तयार झाला की तो हरकतींसाठी जाहीर करावा आणि मराठीतही द्यावा, ही विनंती. गॅरेजवाले, वायरमन, चार्जर सांभाळणारी हॉटेलची पोरे यांना त्यावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

आपला नम्र,
शिवाजी उद्यमनगरातील एक गॅरेजचालक,
कोल्हापूर